वाचवलेली चाळीस मिनिटं

१

प्रयोगशाळेच्या अहवालात पाणी गोडं निघालं आणि त्या एका ओळीने जयंत काळसेकर खोटा ठरला.

अहवाल दीड पानाचा होता. मंत्रालयाच्या दक्षता विभागात, चंद्रप्रभा साळवे यांच्या टेबलावर तो सोमवारी, वीस मेला सकाळी आला. सन दोन हजार दोनचा तो मे महिना. दिल्लीत सकाळी दहालाच रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. चंद्रप्रभाबाईंनी अहवाल दोनदा वाचला आणि समोर बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

जयंत चौतिशीचा असेल. मुंबईपासून लांब, भर समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या एका रिगवर तो सिमेंटचा इंजिनियर होता. विहीर खोदली की तिच्यात पोलादी पाइप उतरवतात आणि पाइपाभोवतीच्या पोकळीत सिमेंटची पातळ रबडी पंपाने ढकलतात. ती जागेवर पोचेपर्यंत पातळ राहिली पाहिजे आणि पोचल्यावर लवकर घट्ट झाली पाहिजे. दोन मेला ती अर्ध्या वाटेतच घट्ट झाली. पंपाचा दाब चढत गेला, एक जोड फुटला आणि शेजारी उभा असलेला गुणवंत मोहिते नावाचा कामगार जागच्या जागी गेला.

"पाणी खारं होतं, मॅडम," जयंत म्हणाला. "बिल्कुल खारं. खाऱ्या पाण्यात सिमेंट लवकर सेट होतं. नमुन्याचा कॅन भरताना मी जीभ लावून बघितलं."

"सिमेंट कालवण्याआधी का नाही बघितलं?"

"आधी तसा रूल होता. प्रत्येक टाकीतल्या पाण्यातलं मीठ तपासायचं आणि मग पुढे जायचं. नव्या यादीत ती ओळच नाहीये. बोट पाणी देते, टाकीत चढतं, आपण सुरू करायचं." तो पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला, दिल्लीतच वाढलेला. शब्द अडला की हिंदीचा टेकू घ्यायचा. "बोटीच्या टाकीत समंदरचं पाणी घुसलं असणार. मला तेव्हा काय माहीत?"

"आणि सिमेंट उशिरा घट्ट व्हावं म्हणून जे औषध घालतात, त्याचा डोस?"

"मी मोजला. गुणवंतभाऊंनी पण मोजला." त्याने मान खाली घातली. "आता ते सांगायला नाहीत."

मामला सरळ होता आणि म्हणूनच भयंकर होता. पाणी खारं असेल तर जयंत निर्दोष. पाणी गोडं असेल तर त्याने डोस चुकवला, एक माणूस मारला आणि वर खोटं बोलला. शुक्रवारी संध्याकाळी पाचला चंद्रप्रभाबाईंचा शेरा वर जायचा होता. त्यानंतर नोकरी जाणार आणि पोलिसांत गुन्हा नोंदला जाणार, यात कोणालाच शंका नव्हती.

बाहेर बाकावर त्याची बायको अरुणा बसली होती. चंद्रप्रभाबाई दारापर्यंत आल्या तशी ती उठून उभी राहिली.

"मॅडम, हे घरी आमटीत मीठसुद्धा चमच्याने मोजून घालतात," ती म्हणाली. "मी हसते त्यांना. हे डोस चुकवणार नाहीत."

बायका नवऱ्यांबद्दल काय वाटेल ते सांगतात, हे चंद्रप्रभाबाईंना वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. पण हे वाक्य त्यांच्या मनातून जाईना.

२

नवी यादी तयार झाली होती त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. दारावर पाटी होती, 'तेलविहीर कार्यक्षमता कक्ष'. कक्षाचे प्रमुख भालचंद्र देवस्थळी एकतीस मेला निवृत्त होणार होते.

तिथे जाणं चंद्रप्रभाबाईंना नकोसं होतं, हे सांगून टाकलेलं बरं. लक्ष्मीबाई नगरात देवस्थळींचं क्वार्टर त्यांच्यापासून दोन ब्लॉकवर होतं. तेरा वर्षांपूर्वी त्यांचे पती साळवे अचानक गेले तेव्हा रुग्णालयात, चर्चमध्ये आणि कब्रस्तानात पुढे होऊन सगळं पाहिलं ते या माणसाने. दिवाळीला तिकडून करंज्या यायच्या, नाताळला इकडून केक जायचा.

"ये चंद्रप्रभा, बस," ते म्हणाले. हातात पेन्सिलीचा अंगठ्याएवढा तुकडा होता आणि तो संपेपर्यंत वापरता यावा म्हणून त्याला जुन्या पेनाचं टोपण खोचलेलं होतं. टिपणं वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या बाजूला. खोलीत दोघंच म्हणून एकच पंखा सुरू.

"भाऊ, मिठाच्या चाचणीची ओळ यादीतून कोणी काढली?"

"मी." त्यांनी जुनी यादी काढून पुढे सरकवली. त्या ओळीवर लाल रेघ होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: चाळीस मिनिटं. "लपवायचं काय त्यात? सिमेंट घट्ट व्हायला पूर्वी चोवीस तास थांबायचे. नव्या मिश्रणाने मी तो थांबा दहावर आणला. मग म्हटलं, बाकीचाही रिकामा वेळ काढू. बोटीवर पाणी चढवताना बंदरात तपासलेलं असतंच, पुन्हा कशाला? अकरा विहिरी या यादीने सुरळीत झाल्या."

"बारावी?"

"बाराव्या विहिरीवर पोराच्या हातून डोस चुकला. वाईट झालं." ते खरंच वाईट वाटून बोलत होते. "योजना पुढच्या महिन्यात सगळ्या रिगना लागू होणार आहे. माझं तीस वर्षांचं काम आहे ते."

बोलता बोलता त्यांनी चंद्रप्रभाबाईंचा अर्धा राहिलेला पाण्याचा पेला उचलला, स्वतःचा उचलला, बाहेर हॉलमध्ये जाऊन आले आणि दोन्ही रिकामे पेले उपडे घातले. ते नेहमीच असं काही ना काही आवरत असत, म्हणून चंद्रप्रभाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

३

कक्षात आणखी दोन माणसं होती. नमुन्यांची दफ्तरदारी लता बर्वे यांच्याकडे आणि तपासणी उल्हास टिपणीस या रसायनतज्ज्ञाकडे.

लताबाई रागावलेल्या होत्या. हा त्यांचा स्वभाव होता की मे महिन्याचा, हे सांगणं कठीण.

"कॅन शुक्रवारी, दहा तारखेला मुंबईहून आला. इथली पद्धत अशी, मॅडम, की आलेला नमुना सगळ्यांसमोर उघडायचा, काठोकाठ भरलाय ना ते बघायचं, वजन करायचं, नोंद करायची आणि कक्षाची लाख लावून बंद करायचा. मी सगळं केलं. सोमवारी उल्हास तो मानेसरच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. लाख शाबूत होती."

"लाखेवरचा शिक्का कुठे असतो?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये." त्या जरा ओशाळल्या. "कुलूप नसतं. इथे काय, सगळे घरचेच."

म्हणजे लाख शाबूत होती याला काडीचाही अर्थ नव्हता.

"आणखी काही वेगळं घडलं त्या दिवसांत?"

"वेगळं कसलं, रोजचेच त्रास. पिण्याच्या पाण्याचे जार शुक्रवारी दोन भरलेले होते, सोमवारी बघते तर एक रिकामा. जारवाला म्हणतो, मी पूरे दो दिये थे. झेरॉक्सवाला आठवडा झाला फिरकला नाही. हा माझा मोगरा, घरून आणून लावला होता, तोही करपला. पाणी कमी म्हणावं तर तसंही नाही, कूलरचं पाणी दिवसभर त्याच्यावर ठिबकतं." हॉलच्या खिडकीतल्या मोठ्या कूलरखाली, सज्जावर एक कुंडी होती. पानांच्या कडा जाळल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. "सांगायचं कोणाला?"

चंद्रप्रभाबाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि उल्हासकडे वळल्या. तो चाळिशीचा, अबोल गृहस्थ होता. कूलरच्या अगदी तोंडाशी त्याची खुर्ची.

"पाणी फारच स्वच्छ निघालं, मॅडम," तो म्हणाला. "बोट मुंबई बंदरात नळाचं पाणी भरते. त्यात थोडेफार क्षार असतातच. हे म्हणजे अगदी विकतचं पाणी. मी शेऱ्यात तसं लिहिलंय. वाचलं कोणीच नाही."

"तुम्हाला संशय आला?"

"मी जे समोर येतं ते मोजतो." तो किंचित हसला. "तसं म्हटलं तर गेले आठ-दहा दिवस हा कूलर सुरू झाला की मला आमचं हर्णै आठवतं. डोळे मिटले की बंदरावर बसल्यासारखं वाटतं. त्याचा कोणी अहवाल मागतं का? माणूस फार दिवस घरी गेला नाही की असं होतं."

चंद्रप्रभाबाई हसल्या. मग त्यांनी लताबाईंकडून वजनाची नोंदवही मागितली. कॅन, काठोकाठ भरलेला: एकवीस किलो नऊशे. त्याच खोक्यातून आलेली कोरड्या सिमेंटची पिशवी: पाच किलो दोनशे.

हे आकडे त्यांनी कागदावर उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मानेसरची वाट धरली.

४

मानेसरच्या रस्त्यावर कारखान्यांच्या बसगाड्या एकामागोमाग एक धूळ उडवत चालल्या होत्या. प्रयोगशाळेच्या फाटकावर आत येणारी प्रत्येक वस्तू तोलायचा नियम होता. तिथल्या कारकुनाने तेरा तारखेची चिठ्ठी शोधून दिली.

सिमेंटची पिशवी: पाच किलो दोनशे. कॅन, काठोकाठ भरलेला: एकवीस किलो चारशे.

चंद्रप्रभाबाई चिठ्ठी हातात धरून फाटकाच्या सावलीत बराच वेळ उभ्या राहिल्या. काटा चुकीचा म्हणावा तर पिशवी दोन्हीकडे सारखीच भरली. कॅन सांडला म्हणावा तर तो दोन्हीकडे काठोकाठ होता. तोच कॅन, तेवढंच पाणी, आणि मधल्या तीन दिवसांत अर्धा किलो कमी.

पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पंचवीस वर्षं झाली होती, पण इतकं त्या विसरल्या नव्हत्या. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं. वीस लिटरमागे अर्धा किलो.

दिल्लीत आलं ते पाणी खारं होतं. जयंत खरं बोलत होता. आणि पाणी बदलणारा माणूस कक्षातलाच होता.

पण हा तर्क झाला. वरचे साहेब लोक म्हणणार, दोन काटे, दोन माणसं, अर्ध्या किलोचं काय घेऊन बसलात. खारं पाणी हाती लागल्याशिवाय जयंत सुटत नव्हता आणि ते वीस लिटर पाणी दहा दिवसांपूर्वी कुठल्या तरी मोरीतून यमुनेला मिळालेलं असणार.

बुधवारी त्यांनी इमारतीच्या दारावरचं रजिस्टर पाहिलं. शनिवारी, अकरा तारखेला कार्यालय बंद. तरी कक्षातली तिघंही येऊन गेली होती. लताबाई निरोप समारंभाच्या यादीसाठी, उल्हास सोमवारची बांधाबांध करायला, देवस्थळी काही कारण न लिहिता. तिघांच्याही वेळा वेगवेगळ्या. तिघांनाही एकांत मिळालेला.

"उस दिन तो टंकी की सफाई थी, मैडम जी," चौकीदार म्हणाला. "पूरी बिल्डिंग में एक बूंद पानी नहीं था."

म्हणून जार रिकामा झाला. वीस लिटरचा जार, वीस लिटरचा कॅन. उल्हासला विकतचं पाणी वाटलं ते विकतचंच होतं. पण जार रिकामा करायला तिघांपैकी कोणालाही पाच मिनिटं पुरली असती.

गुरुवार उजाडला आणि चंद्रप्रभाबाईंच्या हाती तीन नावांपलीकडे काही नव्हतं.

५

गुरुवारी संध्याकाळी त्या घरी बादलीने कूलर भरत होत्या, तोच वासंती देवस्थळी पन्ह्याचा तांब्या घेऊन आल्या.

"कैऱ्या संपायला आल्या, म्हटलं तुला द्यावं," त्या पलंगावर टेकल्या. "आता पुण्याला गेल्यावर कोणाला देऊ? ह्यांना तर झोपच नाही आठवडाभर. उठतात, येरझाऱ्या घालतात. निवृत्तीचं मनाला लागलंय."

चंद्रप्रभाबाईंनी कूलरमध्ये बादली रिकामी केली. तळाशी ओंजळभर पाणी उरलं होतं, ते त्यांनी सहज मोरीत भिरकावलं.

"अगं, हे असते तर जेवले नसते आज," वासंतीबाई हसल्या. "तीस वर्षं दिल्लीत काढली, मे महिन्यात पाण्याचा थेंब मोरीत जाऊ देत नाहीत. तांदूळ धुतलेलं झाडांना, आणि बाकी सगळं कूलरला. पाहुण्यांच्या पेल्यातलं उष्टंसुद्धा. मेली लाज वाटते मला."

चंद्रप्रभाबाईंच्या हातातली बादली तशीच राहिली.

दोन पेले घेऊन हॉलमध्ये जाणारे देवस्थळी त्यांना दिसले. करपलेला मोगरा दिसला. बंदरावर बसल्यासारखं वाटतं, म्हणणारा उल्हास आठवला. आपण कोडं सुटावं म्हणून तीन दिवस धडपडत होतो आणि आता ते सुटू नये असं वाटतंय, हे त्यांना स्वच्छ कळलं.

"काय गं, बरं नाही का?" वासंतीबाईंनी विचारलं.

"ऊन लागलंय थोडं," त्या म्हणाल्या आणि पन्हं प्यायल्या. ते नेहमीसारखंच चांगलं झालं होतं.

शुक्रवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी त्यांनी कक्षाचा शिपाई रामफल याला गाठलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला तो हरियाणवी गृहस्थ कूलरमध्ये पाइप सोडून उभा होता.

"रामफलजी, तेरह तारीख, सोमवार को भी आपने ही भरा था?"

"उस दिन भरना ही नहीं पड़ा, मैडम जी. शुक्रवार को आधा छोड़ के गया था, सोमवार को भरा-भराया मिला. मैंने सोचा, चलो, किसी भले आदमी ने पुण्य कमा लिया."

"उसके बाद कभी खाली करके धोया?"

"इतना पानी कहाँ है? बस ऊपर से भरते हैं."

त्यांनी त्याला पाइप बंद करायला सांगितलं आणि उल्हासला निरोप धाडला की पाण्यातलं मीठ दाखवणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटची बाटली घेऊन या.

६

दुपारी चारला कक्षात पाच माणसं बसली होती. देवस्थळी, लताबाई, उल्हास, चंद्रप्रभाबाई आणि दाराशी, उभं राहू की बसू अशा अवस्थेत, जयंत. शेरा पाठवायला एक तास राहिला होता. कूलर बंद ठेवला होता, त्यामुळे खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं.

चंद्रप्रभाबाईंनी दोन्हीकडची वजनं सांगितली आणि पाणी दिल्लीत बदललं गेलं हे सांगितलं. मग त्या लताबाईंकडे वळल्या. लताबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"शिक्का तुमच्या ड्रॉवरमध्ये, कॅन तुमच्या ताब्यात. पण पाणी बदलणाऱ्याला वजनाचं सुचलं नाही आणि वजन तर तुम्हीच लिहिलं होतं. तुम्ही असतात तर तो आकडा आधी बदलला असता."

लताबाईंनी पदराने कपाळ टिपलं.

"उल्हास, कॅन मानेसरला तुम्ही नेलात, तपासलात तुम्ही. सगळ्यात सोपं तुम्हाला होतं, म्हणूनच ते तुम्ही नाही. लेखणी ज्याच्या हातात आहे त्याला पाणी बदलायची गरजच काय? खाऱ्याचं गोडं कागदावर झालं असतं. उलट 'फारच स्वच्छ' हा शेरा तुम्हीच मारलात."

बाकी कोण राहिलं हे सगळ्यांना कळलं होतं, पण कोणी तिकडे पाहत नव्हतं. देवस्थळी पेन्सिलीचा तुकडा बोटांत फिरवत होते.

"हे अंदाज झाले, चंद्रप्रभा," ते शांतपणे म्हणाले. "पुरावा म्हणजे पाणी. ते आहे का तुझ्याकडे?"

"आहे, भाऊ. तेरा दिवस इथेच आहे." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "कूलरमधलं पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. रोज वरून नवं पाणी पडलं तरी मीठ आतच राहतं. लताताईंच्या मोगऱ्याला ते केव्हाच कळलं होतं. उल्हास, शेजारच्या कार्यालयातल्या कूलरचा आणि या कूलरचा नमुना घ्या. दोन्हीकडे पाणी एकाच टाकीतून येतं."

उल्हास उठला. दोन काचपात्रं भरून आणली, गाळली, टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. पहिल्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. पाणी किंचित धुरकट झालं, दिल्लीच्या पाण्यात होतं तेवढंच. मग त्याने दुसऱ्यात थेंब सोडले.

दूध फाटावं तसा पांढरा चोथा पाण्यात उतरला आणि तळाशी बसत गेला. जयंत एक पाऊल पुढे आला.

"या इमारतीतलं दुसरं कोणीही असतं तर पाणी संडासात ओतून मोकळं झालं असतं," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "तसं झालं असतं तर मी काहीच सिद्ध करू शकले नसते."

देवस्थळींनी पेन्सिल खाली ठेवली.

"गेलो होतो ना मोरीपर्यंत," ते म्हणाले. "कॅन तिरका केला. आणि हात पुढे जाईना. अकरा मे, सगळ्या बिल्डिंगमध्ये पाणी नाही, आणि मी वीस लिटर ओतून देणार? परत आलो आणि कूलरमध्ये ओतलं. मूर्खपणा कळत होता, तरी ओतलं. खाली कुंडी आहे हे मी कधी पाहिलंच नाही. लताबाई, माफ करा."

"का, भाऊ?"

"योजना बरोबर आहे, चंद्रप्रभा. दहा तासांत सिमेंट पक्कं होतं, कोणीही तपासावं. एका बोटीच्या फुटक्या टाकीपायी तीस वर्षांचं काम फायलीत बंद झालं असतं. कॅन आला तेव्हा, लाख लागायच्या आधी, मी हळूच बोट बुडवून चाखलं. त्याच क्षणी कळलं की ती ओळ काढायला नको होती." त्यांनी पहिल्यांदाच जयंतकडे पाहिलं. "याला दुसरी नोकरी मिळेल, असं मी मनाची समजूत घालत होतो. तुरुंगाचा विचार मी केलाच नाही. नाही, केला. आणि बाजूला ठेवला."

जयंतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं होतं की सुटकेचं कोण जाणे. "गुणवंतभाऊ मला विचारत होते, साहेब," तो म्हणाला. "पाणी बघायचं नाही का यार, म्हणाले. मी म्हटलं, यादीत नाही."

मग सवयीने, केवळ सवयीने, देवस्थळींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"चार मिनिटं," ते म्हणाले. "उल्हास उठला तेव्हापासून मी बघत होतो. नमुना, गाळणं, थेंब, सगळं धरून चार."

"रिगवर टाक्या तीन असतात," उल्हास हळूच म्हणाला.

"तीन चोक बारा." देवस्थळींनी जुनी यादी समोर ओढली. लाल रेघेजवळच्या स्वतःच्याच आकड्याकडे ते पाहत राहिले. "बाकीची अठ्ठावीस कसली होती रे, जयंत?"

"जिन्यांची, सर. नमुना खाली न्यायचा, तीन जणांच्या सह्या घ्यायच्या, परत वर यायचं."

"म्हणजे तेवढीच काढायची होती," ते म्हणाले. "मी एकदाही तिथे जाऊन घड्याळ लावलं नाही. इथे बसून सगळी चाळीस काढली."

त्यांनी पेन्सिलीचा तुकडा उचलला आणि नव्या यादीत, सिमेंट कालवण्याच्या आधी, काढलेली ओळ पुन्हा लिहिली. समोर 'बारा मिनिटं' असं लिहून सही केली. मग एक पाकीट उलटं करून त्यावर कबुलीजबाब लिहायला घेतला. चंद्रप्रभाबाईंनी ते काढून घेतलं आणि त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला.

"हे यावर लिहा, भाऊ," त्या म्हणाल्या.

पाचला दहा कमी असताना शेरा वर गेला. खाली अरुणा बाकावर बसलेली होती. जयंत तिच्याजवळ गेला, पण बसला नाही. वळून त्याने चंद्रप्रभाबाईंना विचारलं, "मॅडम, गुणवंतभाऊंच्या घरी फोन करू ना? डोस बरोबर होता म्हणून सांगतो. त्यांनी पण मोजला होता."

"कर," त्या म्हणाल्या. "माझ्याच टेबलावरून कर."

त्या संध्याकाळी त्या लक्ष्मीबाई नगरात परतल्या तेव्हा वासंतीबाईंचा तांब्या ओट्यावरच होता. तो परत न्यायचा होता. त्यांनी तो दोनदा घासला, पुसून कोरडा केला, आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा ओट्यावर ठेवला.